थंब लागत नाही: विडी वळणाऱ्या बोटांसाठी काय काय करून बघायचं

“थंब लागंना की, बघ जरा.” रेशनचा माल आला की हे वाक्य माझ्या दुकानात सकाळपासून ऐकू येतं. थंब म्हणजे ओळख पटवायला मशीनवर लावायचा बोटाचा ठसा. सोलापूरच्या पूर्व भागात माझं मोबाईल दुरुस्तीचं आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. आमच्या गल्लीत घरटी एक तरी बाई विड्या वळते. माझी आईही वळते. तिला आम्ही अम्मा म्हणतो. विड्यांची मजुरी हजारावर मिळते, त्यामुळे रांगेत गेलेला अर्धा दिवस म्हणजे सरळ बुडालेली मजुरी.

दोन वर्षांपूर्वी गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत अम्माला रेशन दुकानातून सलग तीन दिवस परत पाठवलं. “तुमचं बोट येत नाही, उद्या या.” तिसऱ्या दिवशी ती घरी आली ती थेट मोरीत गेली आणि हाताची बोटं दगडावर घासत बसली. तंबाखूचा डाग गेला की मशीन ओळखेल, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. “माझ्या बोटात आता काही राहिलंच नाही,” असं ती म्हणाली ते मला सहन झालं नाही. तेव्हापासून जिचा थंब लागत नाही तिला मी बाकावर बसवतो आणि कारण सापडेपर्यंत उठू देत नाही. त्यातून जे कळलं ते इथे लिहितोय. तुमच्या घरात विडी कामगार असेल, शिवणकाम किंवा धुणीभांडी करणारं कुणी असेल, गवंडी असेल, तर हे सगळं त्यांनाही लागू पडेल.

आधी तक्रार कोणती आहे ते नीट विचारा

“टच चालत नाही” या तीन शब्दांत दोन अगदी वेगळ्या तक्रारी असतात. एक म्हणजे मोबाईलच्या काचेला बोट लागल्याचं कळत नाही, बटण दाबलं जात नाही. दुसरी म्हणजे बोट लागल्याचं कळतं, पण ते कुणाचं आहे हे ओळखू येत नाही. पहिल्या तक्रारीत काचेला फक्त “इथे बोट आहे” एवढंच कळायला हवं. दुसऱ्यात बोटावरच्या बारीक रेषा वाचाव्या लागतात. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि इथेच गल्लत झाली तर सगळा दिवस वाया जातो.

पहिलीचं आधी संपवतो, कारण ती सोपी आहे. मोबाईलच्या काचेखाली वीज वाहून नेणाऱ्या पारदर्शक पदार्थाच्या बारीक पट्ट्यांची जाळी असते. आपल्या शरीरात पाणी आणि क्षार असल्यामुळे बोटही वीज वाहून नेतं. बोट काचेजवळ आलं की त्या जागेवरचा विद्युतभार किंचित बदलतो आणि फोनला जागा कळते. म्हणजे या काचेला जोर कळत नाही. नखानं टोचलं तर ती ढिम्म राहते. बोटाची कातडी घट्टे पडून जाड आणि कोरडी झाली असेल, तर आतला ओलावा काचेपासून लांब पडतो आणि फोनला बोट अर्धवटच जाणवतं. अशा वेळी बोटाच्या टोकाऐवजी पेराचा मऊ, सपाट भाग टेकवायला सांगा. बऱ्याच फोनच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये “टच सेन्सिटिव्हिटी” वाढवायची सोय असते, ती चालू करा. जाड किंवा कडेनं सुटलेली स्क्रीनगार्ड काच काढून एकदा बघा. चार्जिंगला लावल्यावरच स्क्रीन आपोआप उड्या मारत असेल तर दोष बोटाचा नाही, स्वस्त चार्जरचा आहे. चार्जर काढला की थांबतं.

काही जुन्या मशीनची स्क्रीन दाबावर चालते. तिच्यात दोन थर असतात आणि दाबल्यावर ते एकमेकांना टेकतात. तिथे मात्र नख, पेनाचं टोपण काहीही चालतं. म्हणून एकाच बाईला एका मशीनवर “जोरात दाबा” आणि दुसऱ्यावर “हळू टेकवा” असं ऐकावं लागतं. दोन्ही सांगणारे आपापल्या जागी बरोबर असतात. फरक मशीनमध्ये आहे, एवढं तिला कुणी सांगत नाही.

ठसा का उमटत नाही

आता खरा त्रास. रेशनच्या मशीनला किंवा बँक मित्राच्या (बँकेचे पैसे थंबवर काढून देणाऱ्याच्या) मशीनला जोडलेला थंब स्कॅनर बहुतेक वेळा उजेडावर चालतो. काचेखालून उजेड पडतो. बोटाच्या रेषांचे उंचवटे काचेला टेकतात तिथे उजेड एका तऱ्हेनं परततो, मधल्या खाचांत हवा असते तिथे वेगळ्या तऱ्हेनं. त्यातून काळ्या-पांढऱ्या रेषांचं चित्र तयार होतं. मग रेष कुठे संपते, कुठे तिला फाटा फुटतो, असे बिंदू शोधले जातात आणि आधार काढताना घेतलेल्या ठशाशी ते जुळवले जातात.

स्पर्शावरून माहिती वाचणारं यंत्र आपल्या गावाला नवं नाही. सोलापुरी चादरीवरची नक्षी मागावरच्या ज्या जॅकार्ड यंत्रामुळे उठते, त्यात सुया पुठ्ठ्याच्या कार्डाला टेकतात. भोक असेल तिथे सुई आत शिरते, नसेल तिथे मागे ढकलली जाते आणि त्यावरून कुठला धागा उचलायचा ते ठरतं. जोसेफ जॅकार्डनं 1804 च्या सुमारास फ्रान्समधल्या लिओं शहरात हे यंत्र उभं केलं आणि भोकांच्या कार्डावर माहिती साठवायची हीच कल्पना पुढे संगणकातही वापरली गेली. नक्षी चुकली की मागवाला आधी कार्ड फाटलंय का, सुई अडकलीय का, ते बघतो. थंबच्या बाबतीतही तसंच बघायला हवं.

अम्माचा उजवा अंगठा मी एकदा भिंगाखाली धरला होता. पेराचा मधला भाग चमच्याच्या पाठीसारखा गुळगुळीत आणि चकचकीत. कडेला थोड्या रेषा उरलेल्या, त्याही मधेच तुटलेल्या. तर्जनीवर कात्रीचे आडवे बारीक चरे, त्यात तंबाखूचा तपकिरी रंग बसलेला. तेंदूची पानं भिजवून ओल्या फडक्यात ठेवलेली असतात. ती कापायची, चिमूटभर तंबाखू घालून वळायची, दोऱ्यानं बांधायची, तोंड मिटवायचं. दिवसभर तीच दोन-तीन बोटं घासतात, सारखी ओली होतात आणि सारखी वाळतात. रेषा झिजल्या की काचेला टेकायला उंचवटाच राहत नाही. कोरड्या बोटाच्या रेषा मशीनला तुटक दिसतात. उलट बोट फार ओलं असेल तर खाचांत पाणी भरतं आणि सगळा एकच काळा डाग दिसतो.

बरं होतं आणि परत बिघडतं, असं का?

“मागच्या महिन्यात लागला होता, या महिन्यात का नाही?” हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो, आणि त्याच्या उत्तरातच अर्धा उपाय आहे.

बोटावरची नक्षी फक्त वरच्या कातडीत नसते. ती आपण आईच्या पोटात असतानाच तयार होते आणि तिचा मूळ साचा कातडीच्या आतल्या थरात असतो. वरची कातडी सतत झडते आणि खालून नवी येते. साधारण चार आठवड्यांत हा फेरा पूर्ण होतो. म्हणून झिजलेल्या रेषा काम थांबलं की परत उगवतात, आणि अगदी पूर्वीच्याच नक्षीत उगवतात. खोल जखम आतल्या थरापर्यंत गेली असेल तरच कायमचा फरक पडतो. अम्माच्या बोटात काही राहिलं नव्हतं असं नाही. वरचा थर तेवढा झिजला होता, आतला साचा जागेवरच होता.

म्हणजे पानं न आल्यामुळे किंवा सणामुळे काम काही आठवडे बंद राहिलं की थंब लागतो. काम जोरात असलं की परत अडतो. त्यात हवामानाची भर पडते. डिसेंबर-जानेवारीत कातडी फाटते, एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो आणि हवा कोरडी पडते. पावसाळ्यात तीच बोटं बरी चालतात. माझ्या दुकानातल्या तक्रारीही याच चालीनं वरखाली होतात.

काय करायचं, आणि एका वेळी एकच करायचं

घाई केली की कारण सापडत नाही. तापमान आणि स्पर्श आपल्याला कसे कळतात याचा शोध लावल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापौटियन यांना 2021 चं नोबेल मिळालं. पटापौटियन यांच्या प्रयोगशाळेत टोचल्यावर प्रतिसाद देणारी एक पेशी घेतली होती. तो प्रतिसाद कुठल्या जनुकामुळे येतो हे शोधायला त्यांनी 72 संशयित जनुकं एकेक करून बंद करून पाहिली. ज्याला बंद केल्यावर पेशी गप्प झाली, तेच दाब ओळखणारं जनुक. हे वाचल्यापासून मी दुकानात तोच नियम ठेवलाय. काच, उजेड, बोटाचा ओलावा, बोट कोणतं, हे एकदम बदलायचं नाही. एक बदलायचं, थंब लावून बघायचा, मग पुढचं.

काचेपासून सुरुवात करा, कारण त्याला पैसा लागत नाही. आधीच्या दहा जणांच्या बोटांचं तेल तिच्यावर असतं. कोरड्या मऊ कापडानं पुसा. पदरानं नको, पदरावर तंबाखूची भुकटी असते. मग स्कॅनर सावलीत घ्या. आपल्याकडचं दुपारचं ऊन थेट काचेवर पडलं तर स्कॅनरचा स्वतःचा उजेड त्यात हरवतो. दुकानाच्या ओट्यावरून मशीन दोन हात आत नेल्यावर थंब लागल्याचं मी कितीतरी वेळा पाहिलंय.

त्यानंतर बोट. साबणानं धुवा, पूर्ण पुसा आणि दोन मिनिटं थांबा. बोट रखरखीत असेल तर कपाळावर किंवा नाकाच्या बाजूला एकदा फिरवा. तिथलं अंगचं तेल पुरेसं असतं. ऐनवेळी खोबरेल तेल लावू नका, काच माखते आणि मागच्या माणसाचाही थंब अडतो. तेल किंवा व्हॅसलीन लावायचं ते आदल्या रात्री. आठवडाभर रोज झोपताना लावलं तर फरक डोळ्यांनी दिसतो. सॅनिटायझर नको, त्यानं कातडी आणखी वाळते. आणि दगड, वाळू, घासणी यांना हातही लावू नका. डाग जातो हे खरं, पण जेवढ्या रेषा उगवल्या होत्या तेवढ्याही त्याच्याबरोबर जातात. मशीनला डागाचं काही नसतं, त्याला रेषा हव्यात.

बोट ठेवण्याची पद्धत बहुतेक जणींची चुकते, कारण “दाबा, दाबा” असं सगळेच सांगतात. फार दाबलं की उरलेले उंचवटेही चपटे होऊन एकमेकांत मिसळतात. टोक टेकवूनही उपयोग नाही. नक्षीचा मध्य पेराच्या मधोमध असतो, तो काचेच्या मध्यावर यायला हवा. भाकरी थापताना पहिला हात जेवढ्या हलक्या जोरानं पडतो, तेवढा जोर पुरे. बोट ठेवलं की उजेड बंद होईपर्यंत हलवायचं नाही.

एवढं करूनही अडलं तर बोट बदला. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त उपयोग याचाच झालाय. आधारमध्ये दहाही बोटांचे ठसे घेतलेले असतात, पण सवयीनं सगळे अंगठाच लावायला सांगतात. विडीत अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट झिजतं. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी बरीच शाबूत असते. दहाही बोटं एकेक करून लावून बघा. आधारच्या व्यवस्थेत यासाठी “बेस्ट फिंगर डिटेक्शन” नावाची सोयही आहे. कोणतं बोट सर्वांत चांगलं जुळतं ते ती सांगते.

मशीनवरचा आकडा वाचा

थंब फेल गेला की स्क्रीनवर एक आकडा येतो. तो न वाचताच दुकानदार “येत नाही” म्हणून मोकळा होतो. त्याला तो आकडा मोठ्यानं वाचायला सांगा.

300 आला तर ठसा वाचला गेला पण जुळला नाही. म्हणजे वर सांगितलेले उपाय करा, बोट बदला. 330 आला तर आधारचं बायोमेट्रिक (म्हणजे बोटांच्या ठशांसारख्या खुणांवरून ओळख) लॉक केलेलं आहे. मग दहा काय, शंभर वेळा बोट लावलं तरी उपयोग नाही. आधारच्या ॲपमधून किंवा संकेतस्थळावरून ते उघडावं लागतं. बऱ्याचदा मुलानं काळजीपोटी लॉक केलेलं असतं आणि आईला सांगायचं राहून गेलेलं असतं. 811 म्हणजे त्या आधार क्रमांकावर बायोमेट्रिकची नोंदच सापडत नाही, तिथे आधार केंद्रातच जावं लागेल. 700 म्हणजे वेळेत ठसा घेतला गेला नाही, 720 म्हणजे स्कॅनरच तयार नाही. हे दोन आले तर बाईच्या बोटाकडे बघायचंही कारण नाही. केबल काढून लावा, मशीन बंद करून चालू करा.

अम्माच्या तीन दिवसांपैकी किती दिवस 300 चे होते आणि किती 720 चे, हे आता कधीच कळणार नाही. कुणी आकडा वाचलाच नव्हता. मला याचं अजून वाईट वाटतं.

तरीही नाहीच लागला तर

घरातल्या रेशनकार्डावर नाव असलेलं दुसरं कुणीही बोट लावून माल घेऊ शकतं, ही साधी गोष्ट पुष्कळ घरांत माहीत नसते. ज्यांची ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) राहिलीय त्यांची मात्र स्वतंत्र करावी लागते. त्यासाठी आता चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आहे. बोटाशिवाय डोळ्याच्या बुबुळाची ओळख आणि आधारला जोडलेल्या मोबाईलवर येणारा ओटीपी हेही रस्ते आहेत. म्हणून अम्माचा आधार सर्वांत आधी तिच्याच चालू नंबरला जोडून घेतला. पूर्वी तो माझ्या जुन्या, बंद पडलेल्या सिमला जोडलेला होता.

आणि हे सगळं फसलं तरी माल नाकारता येत नाही. आधार प्राधिकरणानं 24 ऑक्टोबर 2017 रोजी परिपत्रक काढून सांगितलंय की बोट जुळलं नाही म्हणून लाभ अडवायचा नाही. दुसरे मार्ग वापरायचे, आणि तेही चालले नाहीत तर वेगळी नोंद करून लाभ द्यायचा. भांडायला जाऊ नका, पण हे परिपत्रक मोबाईलमध्ये ठेवून शांतपणे दाखवा. दाद नाहीच मिळाली तर आधारची मदत 1947 या नंबरवर मिळते.

पेन्शन घेणाऱ्या म्हाताऱ्या विडी कामगारांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्यांच्यासाठी तर बोटाचा हट्टच सोडा. जीवन प्रमाण ॲपमध्ये नोव्हेंबर 2021 पासून चेहऱ्यावरून दाखला देता येतो. सोबत चेहरा टिपणारं आधारचं फेस आरडी ॲप लागतं. उजेड चेहऱ्यावर समोरून पडेल असं बसवा, चष्मा काढा, सांगितलं की पापणी मिटायला लावा. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर घरकुलातल्या आज्यांची कामं आम्ही तिथेच अंगणात, सकाळच्या उन्हाकडे तोंड करून करतो. पाच मिनिटांत होतं.

आधार केंद्रात जाऊन ठसे नव्यानं देणं हा पक्का उपाय आहे, पण मुहूर्त साधा. काम जोरात असताना गेलात तर झिजलेलेच ठसे परत नोंदले जातील. काम तीन-चार आठवडे बंद असेल तेव्हा, जमलं तर पावसाळ्यात, आणि आधी आठवडाभर रात्री व्हॅसलीन लावून जा.

एक सावधगिरी

बँकेचे पैसे थंबवर काढताना “लागला नाही, परत लावा” असं कुणी म्हणालं तर प्रत्येक वेळी स्क्रीन बघा किंवा पावती मागा. लागलेला थंबही लागला नाही असं सांगून दुसऱ्यांदा पैसे काढल्याचे प्रकार होतात. ज्यांचा थंब नेहमीच अडतो त्यांना पुनःपुन्हा लावायची सवय झालेली असते, म्हणून त्यांनाच हा धोका जास्त.

घरच्या फोनचं

फोनचं लॉक उघडत नसेल तर एकच बोट दोनदा नोंदवा. एकदा सकाळी काम सुरू व्हायच्या आधी आणि एकदा संध्याकाळी विड्या देऊन आल्यावर. दोन्ही वेळचं बोट फोनला वेगळं दिसतं. नवी स्क्रीनगार्ड बसवल्यावर बिघडलं असेल तर जुना ठसा काढून नव्यानं नोंदवा, कारण काचेखालचा सेन्सर आणि बोट यांच्या मधली जाडी बदललेली असते. आणि कीबोर्डची थरथर चालू ठेवा. काच गुळगुळीत असते, बोटाला उलट काही सांगत नाही. प्रत्येक अक्षराला बारीकशी थरथर जाणवली की घट्टे पडलेल्या बोटालाही कळतं की बटण लागलं. अम्मा आता तेलुगूत व्हॉट्सॲपवर लिहिते ते त्या थरथरीच्या भरवशावर.

हे लिहिताना ती शेजारी सूप मांडीवर घेऊन बसलीय. न बघता वळतेय. मधेच एक विडी चिमटीत धरून थांबली, उलगडली, दोन दाणे तंबाखू जास्त घातली आणि परत वळली. तिच्या रेशनकार्डाच्या पाठीमागे मी बॉलपेननं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय: “डावा हात, अनामिका. अंगठा मागू नये.” तुमच्या घरातल्यांचीही सगळी बोटं मशीनवर लावून बघा आणि जे लागेल ते कार्डावर लिहून ठेवा.